लेकीची शाळा, सासऱ्यांची शाळा आणि व्हाउचरच्या निवेदनावरची सही

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका आईने लिहिलंय. नाव-गाव देऊ नका म्हणालीय, त्यामुळे काही तपशील बदललेत. मुलगी येत्या जूनमध्ये पहिलीत जाणार. गावातली सरकारी मराठी प्राथमिक शाळा घरापासून पाच मिनिटांवर, चारही वर्ग मिळून 14 मुलं, दोन शिक्षिका. सासरे याच शाळेतून मास्तर म्हणून रिटायर झाले. टाऊनात एक अनुदानित इंग्रजी प्राथमिक शाळा आहे, तिथे फी नावापुरती, पण विचारायला गेल्यावर 'सीट फुल्ल' म्हणाले. तिसरी शाळा खाजगी, विनाअनुदानित, इंग्रजी मिडियम, वर्षाला 45 हजार आणि वर व्हॅनचे महिन्याला 1800. नवऱ्याचा ट्रक होता, खाणी बंद पडल्यावर विकला, आता तो एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर महिना 22 हजारावर आहे. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपने आमदाराला द्यायला एक निवेदन केलंय, की सरकार सरकारी शाळेत एका मुलामागे जेवढा खर्च करतं तेवढ्याचं व्हाउचर पालकाला द्या, शाळा आम्ही निवडू. ही त्यावर सही करणार हे कळल्यावर सासरे एवढंच म्हणाले, "माझी शाळा बंद करायच्या कागदावर माझ्याच घरची सही." तेव्हापासून ते तिच्याशी धड बोलत नाहीत. ती विचारतेय, सही करणं चुकीचं आहे का, मी फक्त माझ्या मुलीचं बघतेय म्हणून स्वार्थी आहे का, आणि शेवटी तिला घालू कुठे?

उत्तर:

बाय, तू मला ताई म्हणून लिहिलंस तर मी पण तुला अगंतुगंच करते.

पत्रात तू दीड पान फी, मिडियम, सासरे आणि निवेदन यांच्यावर लिहिलंयस आणि मुलीबद्दल एकच वाक्य, की चवथीला माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगतात ती फळापानांची चौकट, बांधून झाल्यावर ती खाली बसून सगळी फळं मोजत होती आणि नारळ फळात धरायचा की नाही यावरून आजोबांशी वाद घालत होती. मला ते वाक्य फार आवडलं. ते सध्या बाजूला ठेव, आपण परत त्याच्याकडे येऊ.

आधी स्वार्थाचं बघू. आपल्याकडे ज्याच्याकडे पैसे आहेत तो पर्वरीत नाहीतर म्हापशात फ्लॅट घेतो आणि मुलाला हवी त्या शाळेत घालतो, त्याला कोणी स्वार्थी म्हणत नाही, त्याने काही निवड केली असंसुद्धा कोणी म्हणत नाही, ते आपोआप होऊन जातं. निवडीचा जाब विचारला जातो तो 22 हजारवाल्याला. गावची शाळा टिकवायची जबाबदारी, भाषा टिकवायची जबाबदारी, सगळी त्याच्या पोरांच्या पाठीवर. हे मला कधीच पटलेलं नाही आणि तुला पण पटवून घ्यायची गरज नाही. शिक्षण खात्याला तुझी मुलगी म्हणजे रजिस्टरमधली एक नोंद, तुला ती एकुलती एक आहे. तिचं तू नाही बघायचं तर कोणी?

आणि हे नुसतं माझं मत नाही. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने 6 मे 2014 ला कर्नाटकच्या केसमध्ये स्पष्ट सांगितलं की प्राथमिकला मुलाने कुठल्या भाषेत शिकायचं हे पालकांनी ठरवायचं, सरकार मातृभाषेची सक्ती करू शकत नाही. म्हणजे हक्क तुझ्याकडे आहे. पण नीट बघितलंस तर त्या हक्काबरोबर पैसे येत नाहीत. कोर्टाने निवडायचं स्वातंत्र्य दिलं, निवडलेल्या शाळेची फी कोण भरणार ते तुझं तू बघ. त्यामुळे ज्याला परवडतं त्याचा हक्क खरा आणि तुझा हक्क कागदावरचा. तुमच्या ग्रुपने जी मागणी केलीय तिचं मूळ इथे आहे, आणि मूळ चुकीचं नाही.

गोव्यात तर या विषयावर आपण तीसपस्तीस वर्षं भांडतोय. 1990 मध्ये शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री असताना ठरलं की प्राथमिकचं अनुदान मराठी-कोंकणी शाळांनाच. 2011 मध्ये पालक रस्त्यावर उतरल्यावर सरकारने इंग्रजी प्राथमिकलाही अनुदान द्यायचा निर्णय घेतला, मग त्याच्या विरोधात भारतीय भाषा सुरक्षा मंच उभा राहिला, निवडणुका त्यावर लढल्या गेल्या, घराघरात दोन तट पडले, आणि नंतरच्या सरकारनेही अल्पसंख्याक संस्थांच्या त्या शाळांना अनुदान चालूच ठेवलं. दोन्ही बाजूंची माणसं मनापासून बोलत होती, मी दोन्हीकडच्या सभांना गेलेली आहे. पण या सगळ्या वर्षांत भांडण कायम एकाच गोष्टीवर झालं, कुठल्या संस्थेला अनुदान द्यायचं आणि कुठल्या नाही. पालकाच्या हातात काय द्यायचं हे कोणी विचारलंच नाही. आणि त्याचा परिणाम तू आज बघतेयस, टाऊनातल्या ज्या इंग्रजी शाळेला अनुदान आहे ती फुल्ल, जिच्यात जागा आहे तिला अनुदान नाही, आणि तू मध्ये उभी.

आता बाबांचं, म्हणजे तुझ्या सासऱ्यांचं. त्यांचा राग तू हट्ट म्हणून लिहिलायस, मला तो तसा वाटला नाही. भाऊसाहेब बांदोडकर 1963 ते 1973 मुख्यमंत्री होते, त्या काळात गावोगाव सरकारी प्राथमिक शाळा निघाल्या. त्याआधी आपल्या कितीतरी गावांत शाळाच नव्हती, शिकायचं तर कोणाच्या तरी ओसरीवर नाहीतर देवळाच्या मंडपात, तेसुद्धा कोणी शिकवणारा मिळाला तर. त्या पिढीसाठी गावात शाळा येणं हीच निवड होती, पहिल्यांदा मिळालेली. बाबांनी पावसात छत गळताना वर्ग घेतले असतील, खाणीवर कामाला जाणाऱ्यांच्या पोरांना ओढून आणून बसवलं असेल. आणि आता त्यांना ऐकायला येतं की या शाळेचे पैसे काढून दुसरीकडे न्यायचे. त्यांची भीती भावनेची आहे असं समजू नकोस, तिच्यात हिशोबसुद्धा आहे, तो मी तुला दाखवते.

तुमच्या शाळेत दोन शिक्षिका आणि 14 मुलं. दोघींचा पगार 14 ने भागलास तर एका मुलामागचा खर्च चांगला मोठा येईल, खाजगी शाळेची फी त्यात सहज बसेल, ग्रुपवर बहुतेक याच आकड्याने सगळे खूश आहेत. पण समज चार पालकांनी तेवढ्याचं व्हाउचर घेतलं आणि मुलं काढली. राहिली 10. दोघींचा पगार कमी झाला का? नाही ना. लाईटचं बिल कमी झालं? नाही. म्हणजे सरकारचा जुना खर्च तसाच आणि वर चार व्हाउचर. अर्थखात्यातला कोणीतरी वर्षभरातच म्हणणार की मग ही शाळा शेजारच्या गावात विलीन करा. आणि जी 10 मुलं राहिली, ज्यांच्या आईला व्हॉट्सॲप ग्रुप माहीत नाही, जिचा नवरा दारूत आहे, जी आजीकडे वाढतात, ती कुठे जाणार? बाबांना तीच पोरं दिसताहेत. तू ज्या कागदावर सही करणार त्यात त्यांच्यासाठी एक ओळ नाही.

तरी मी म्हणते सही कर, आणि का ते सांगते.

व्हाउचर म्हणजे पैसे शाळेला न देता मुलाच्या नावाने द्यायचे, मूल जाईल तिथे पैसे जातील. मिल्टन फ्रीडमन या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने 1955 मध्ये ही कल्पना मांडली, त्यामुळे ती बाजारवाल्यांची, श्रीमंतांची असा शिक्का तिच्यावर बसलाय. पण मिलवॉकी शहरात 1990 मध्ये गरीब घरातल्या मुलांसाठी ती सुरू झाली तेव्हा रेटली कोणी, तर पॉली विल्यम्स या कृष्णवर्णीय आमदार बाईंनी, ज्यांनी स्वतःची मुलं एकटीने वाढवली होती. त्यांचं म्हणणं साधं होतं, पैसेवाल्यांना निवड आहे मग माझ्या वस्तीतल्या आयांना का नको. पुढे उत्पन्नाची मर्यादा वाढवून बऱ्या परिस्थितीतल्या घरांनाही ते द्यायला लागले तेव्हा त्याच बाईंनी विरोध केला. हे दोन्ही लक्षात ठेव, मागणी पण आणि विरोध पण.

आणि आपल्या कायद्यात हे अगदीच परकं नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात, आपण ज्याला आरटीई म्हणतो, कलम 12 खाली विनाअनुदानित खाजगी शाळांनी पहिलीच्या 25 टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकातल्या मुलांना फुकट द्यायच्या आणि सरकारने शाळेला परतावा द्यायचा, सरकारचा स्वतःचा एका मुलामागचा खर्च किंवा शाळेची फी, जे कमी असेल ते. हे व्हाउचरच झालं ना, फक्त नाव दुसरं. शेजारी महाराष्ट्रात त्याची ऑनलाइन लॉटरी निघते. तिथे 2024 मध्ये सरकारने असा बदल केला की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगीला या 25 टक्क्यांतून सूट, पालक हायकोर्टात गेले आणि जुलैमध्ये मुंबई हायकोर्टाने तो बदल रद्द केला. पालक उभे राहिले म्हणून झालं ते. तिथल्या शाळांची कायमची तक्रार अशी की परताव्याचे पैसे सरकारकडून वेळेवर येत नाहीत, आणि पैसे अडकले की शाळेला ती मुलं ओझं वाटायला लागतात. तुमच्या निवेदनात पैसे कधी आणि कसे येणार याबद्दल काही नाही, ते पाहिजे. गृह आधार योजनेचे 1500 बायकांच्या खात्यात थेट येतात म्हणजे खात्यात पैसे टाकायची सवय आपल्या सरकारला आहे, तारीख बांधून घ्या.

मग व्हाउचरने मुलं जास्त शिकतात का? इथे मी तुला खोटी आशा दाखवणार नाही. आंध्र प्रदेशात, राज्याची फाळणी व्हायच्या आधी, 180 गावांत लॉटरी काढून मुलांना खाजगी शाळेची व्हाउचर दिली होती, कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या दोघांनी त्या मुलांचा चार वर्षं मागोवा घेतला आणि 2015 मध्ये निष्कर्ष छापले. तेलुगू आणि गणितात व्हाउचरवाली मुलं आणि सरकारी शाळेतली मुलं सारखीच निघाली. हिंदीत व्हाउचरवाली बरीच पुढे. पण खाजगी शाळांनी तेलुगू-गणिताला कमी तास देऊन, उरलेल्या वेळात इतर विषय शिकवून हे केलं, आणि एका मुलामागचा खर्च सरकारी शाळेच्या एक तृतीयांशापेक्षा कमी. म्हणजे खाजगी शाळा जादू करत नाही, पण कमी पैशात तेवढंच आणि थोडं वर करते. दुसरं म्हणजे, जी मुलं सरकारी शाळेत मागे राहिली त्यांचं शिकण्यात काही नुकसान झालेलं दिसलं नाही. हे बाबांना सांग. तिसरी गोष्ट तुझ्यासाठी, तेलुगू मिडियममधून इंग्रजी मिडियममध्ये उडी मारलेल्या मुलांना त्या उडीचा त्रास झाल्याची चिन्हं त्यांना दिसली.

आणि वाईट उदाहरण चिलीचं. तिथे 1981 पासून देशभर व्हाउचर. शाळांना मुलं निवडायची मोकळीक होती आणि पुढे वरून फी घ्यायचीही परवानगी मिळाली, मग काय होणार, शाळांनी हुशार आणि खर्च झेपणाऱ्या घरातली मुलं उचलली, बाकीची सरकारी शाळेत साचली. पुढे विद्यार्थी रस्त्यावर आले, 2008 मध्ये गरीब मुलांसाठी जादा रक्कम द्यायचा कायदा झाला आणि 2015 च्या कायद्याने मुलं निवडणं आणि वरची फी टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरलं. तीस वर्षं गेली त्यात. आपल्याला तीस वर्षं घालवायची गरज नाही, त्यांचं बघून आधीच लिहून घेता येतं.

तर सही कर पण तो कागद आहे तसा नको. आज रात्रीच ग्रुपवर लिही की मला काही ओळी वाढवायच्या आहेत. व्हाउचर घेणाऱ्या शाळेने मुलाची किंवा आईबापाची मुलाखत घ्यायची नाही, मुलं जास्त आली तर चिठ्ठ्या टाकायच्या. व्हाउचरवर एक रुपया वरून मागायचा नाही, नाहीतर 45 ची फी दोन वर्षांत 70 होईल आणि व्हाउचर त्यात विरघळून जाईल. ज्याचं उत्पन्न कमी त्याला रक्कम जास्त. प्रवासाचा खर्च त्यात धरायचा किंवा बालरथ, म्हणजे शाळांच्या बस, सगळ्यांसाठी करायचे, कारण पिळगाव-मयेसारख्या गावांतल्या आतल्या वाड्यांवरनं टाऊनात पोर न्यायचं आणायचं कोणी हा प्रश्न सुटला नाही तर व्हाउचर फक्त मेन रोडवरच्या घरांनाच मिळाल्यासारखं आहे. अनुदानित शाळेत जागा नाही म्हणतात तिथे जादा तुकडीला मान्यता मिळाली पाहिजे, सीट नसेल तर हातातलं व्हाउचर घेऊन जायचं कुठे? मराठी आणि कोंकणी शाळांनाही ते चाललं पाहिजे, खाजगी असो की अनुदानित, म्हणजे एखाद्या गावात कोणी मन लावून चांगली मराठी शाळा काढली तर पैसे तिथेही जातील. मला तर वाटतं मराठी शाळांना वाचवायचा हा एक रस्ता होऊ शकतो, कारण आज ती शाळा चांगली चालली तरी तिला जादा काही मिळत नाही आणि वाईट चालली तरी काही होत नाही.

आणि शेवटची ओळ, गावची शाळा. पहिली पाच वर्षं तरी पटसंख्या कमी झाली या एका कारणावर ती बंद करायची नाही, दोन शिक्षक ठेवायचेच. आरटीईप्रमाणे प्राथमिकला 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक असायलाच पाहिजेत, म्हणजे ही मेहेरबानी नाही. ही ओळ तू लिहू नकोस, बाबांना लिहायला सांग. मनधरणी म्हणून नको, त्यांना ती तुझ्यापेक्षा चांगली लिहिता येईल म्हणून. शाळा दोन मैलांवर गेली की पहिल्यांदा कुठली पोर घरी बसते हे त्यांना नावानिशी माहीत असणार.

आता तिला घालू कुठे. तू प्रश्न मांडलास तो मराठी की इंग्रजी असा. पण गोव्यात तो तसा राहिलेलाच नाही. चौथी झाली की पाचवीपासून आपल्याकडची बहुतेक हायस्कूलं इंग्रजीच आहेत, म्हणजे गावच्या शाळेत घातलीस तरी चार वर्षांनी ती इंग्रजीतच जाणार. तुझा खरा प्रश्न आहे सहाव्या वर्षी इंग्रजी की दहाव्या वर्षी. मी स्वतः दहाव्या वर्षीवाली. चौथीपर्यंत मराठी, पाचवीत एकदम सगळं इंग्रजी. मला भागाकार येत होता, पाढे तीसपर्यंत पाठ, पण 'डिव्हाइड इक्वली अमंग' म्हणजे तोच भागाकार हे कळेपर्यंत दिवाळी आली आणि तोपर्यंत बाईंच्या वहीत मी 'ढ' झाले होते. ते वर्ष मी विसरले नाही. पण सहावीत मी वर आले ते त्याच भागाकाराच्या जोरावर, तो पक्का नसता तर इंग्रजी कळून उपयोग काय होता. त्यामुळे मी असं नाही सांगत की मराठी प्राथमिकच बरी, असंही नाही की पाचवीचा धक्का काही नसतो. धक्का बसतो, त्याची तयारी तिसरीपासून करावी लागते आणि ती बहुतेक शाळा करत नाहीत.

मातृभाषा म्हणताना पण जरा थांब. तुमच्या घरात काय बोलता ते तू लिहिलं नाहीस, पण डिचोली-सत्तरीत कितीतरी घरांत चुलीपाशी कोंकणी, आरतीला आणि पेपरला मराठी. मूल दोन्ही घेऊन शाळेत येतं आणि मराठी पुस्तक त्याला फार परकं वाटत नाही. इंग्रजी पुस्तक पहिलीत वाटतं, विशेषतः घरी त्या भाषेत बोलणारं कोणी नसेल तर. खाजगी शाळेतली टीचर वर्गात समजावताना कुठली भाषा बोलते ते बघून ये. बऱ्याच ठिकाणी वही इंग्रजीत आणि समजावणं कोंकणी-हिंदीत असं चालतं, मग तू 45 हजार भरतेस ते इंग्रजीसाठी की वहीसाठी?

म्हणून जून यायच्या आधी तिन्ही शाळांत जाऊन बस. बिल्डिंग, टाय, बूट, एसी क्लासरूम हे सगळं सोडून दे. दुसरीच्या वर्गात जा आणि एका मुलाला, पहिल्या बाकावरच्या नको, मागच्या, त्याचं पुस्तक न बघितलेल्या पानावर उघडून वाचायला सांग. मग विचार काय वाचलंस. आणि मग माटोळीचा तो प्रश्न काढ. बाईंना सांग की माझी मुलगी नारळ फळात धरायचा का असा वाद घालते, आणि त्या काय म्हणतात ते ऐक. एखादी म्हणेल आम्ही सिलॅबस वेळेत पुरा करतो. एखादी हसून तुझ्या मुलीलाच विचारेल की तुला काय वाटतं, आणि का. मोजणारं, वाद घालणारं मूल ज्या वर्गात चालतं त्या वर्गात तिला घाल, भिंतीवर कुठल्या भाषेत लिहिलंय ते दुसऱ्या नंबरावर. 14 मुलांच्या शाळेला आपण लाजतो, पण दोन शिक्षिका आणि 14 मुलं हे प्रमाण खाजगीवाले पैसे घेऊनही देऊ शकत नाहीत. आता बाई वर्ग सोडून सर्व्हे आणि मीटिंगांतच असतील तर त्या प्रमाणाचा काही उपयोग नाही, हे पण तिथे बसल्याशिवाय कळणार नाही.

पैशाचा हिशोब तू केलायस की नाही माहीत नाही. 45 हजार फी, व्हॅनचे दहा महिन्यांचे 18 हजार, झाले 63. वर्षाच्या 2 लाख 64 हजारांतले 63 म्हणजे जवळपास चार आणे, आणि यात युनिफॉर्म, पुस्तकं, गॅदरिंग, ट्यूशन धरलेलं नाही. कॉन्ट्रॅक्टची नोकरी. दुसरीत असताना नोकरी गेली आणि पोरीला शाळेतून काढावं लागलं तर तिला जे वाटेल ते मला नको वाटतं. तुझ्या जागी मी असते तर, गावच्या शाळेतली भेट बरी झाली असं धरून, पहिली दोन वर्षं तिथे ठेवलं असतं आणि त्या 63 मधले दहाएक हजार बाजूला काढून इंग्रजीसाठी वापरले असते, कोणीतरी आठवड्यातून तीन दिवस नुसतं बोलणारं, गोष्टी वाचणारं, ट्यूशनवाली नको. आणि भेट वाईट झाली, बाई वर्गातच नसतील, तर मग अपराधी न वाटून घेता दुसरी शाळा बघ, बाबा रागावले तरी. त्यांची शाळा म्हणून नातीने तिथे वाया जावं असं त्यांनाही नको असेल.

टाऊनातली शाळा तोंडी 'फुल्ल' म्हणाली तर तेवढ्यावर परत येऊ नकोस, लेखी अर्ज दे, पोच घे, वेटिंग लिस्टमध्ये नंबर कितवा ते विचार. खाजगीवाल्यांनी मुलीची टेस्ट किंवा तुमची मुलाखत घेतली तर ते कायद्यात बसत नाही, आरटीईमध्ये त्याला पहिल्या वेळी 25 हजारांपर्यंत आणि पुढे प्रत्येक वेळी 50 हजारांपर्यंत दंड आहे, डोनेशन घेतलं तर त्या डोनेशनच्या दहापटीपर्यंत. फक्त अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना आरटीई लागू होत नाही, तो निकालही त्याच 6 मे 2014 चा, त्यामुळे टाऊनातली शाळा तशी असेल तर हा मुद्दा तिथे चालणार नाही. खाजगी शाळेत 25 टक्क्यांतली जागा तुम्हाला मिळते का हे भागशिक्षणाधिकारी ऑफिसात लेखी विचार, उत्तर आलं नाही तर 10 रुपये भरून माहिती अधिकारात विचार. आणि मुलीला गावच्या शाळेत घातलीस आणि नंतर काढावंसं वाटलं तर दाखला लगेच द्यावा लागतो, अडवता येत नाही, म्हणजे आज घेतलेला निर्णय जन्माचा नाही.

गावच्या शाळेत गेली तर शाळा व्यवस्थापन समितीत जा. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असाव्या लागतात, आणि बऱ्याच ठिकाणी सह्या घेण्यापुरतीच ती बसते. 14 मुलांच्या शाळेत तू एकटी बोललीस तरी फरक पडतो. तिसरी-चौथीला रोज अर्धा तास गणिताचे शब्द इंग्रजीतून, एवढी एक मागणी तिथे लावून धर, पाचवीला माझं झालं ते तिचं नको.

बाबांकडे निवेदन घेऊन जाशील तेव्हा छापील कागद नेऊ नकोस. शेवटची ओळ मोकळी ठेवून हाताने लिहिलेलं ने आणि पेन त्यांच्याकडे दे. ते नाही म्हणाले तर ती ओळ तू लिही आणि त्यांना वाचून दाखव. आणि पक्की कॉपी झाली की मला पण पाठव, साखळी आणि पेडण्याहून दोन आयांची जवळपास अशीच पत्रं आलीत, त्यांच्याकडे पोचवते.